विधिमंडळातील डॉ. बाबासाहेब आंबेडकर आणि आपला वतनदार समाज

दरवर्षी आपल्या संघाच्या स्मरणिकेत एका थोर पुरुषाचे चरित्र द्यावयाचे असा शिरस्ता आहे. यंदा डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांचे चरित्र लिहिण्याचे काम संपादक मंडळाने आमच्याकडे सोपविले. बाबासाहेबांची चरित्रे पुष्कळ झाली असून ती आपल्या घराघरांत आहेत. महाडचे चवदार तळे, नाशिकचे काळाराम मंदिर, गोलमेज परिषद, पुणे करार, राज्यघटना आणि नागपूरची धम्मदीक्षा हे प्रसंग आपल्या मुलांना तोंडपाठ असतात. तेव्हा तेच पुन्हा विस्ताराने न सांगता, त्यांच्या आयुष्याच्या ज्या अंगाकडे आपले लक्ष कमी जाते तिकडे वाचकांस न्यावे असे आम्ही योजिले आहे. ते अंग म्हणजे कायदेमंडळाचे सभासद म्हणून, हाती कोणतीही सत्ता नसताना, त्यांनी केलेले कार्य होय.

हे अंग निवडण्यास आणखी एक कारण आहे. मुंबईच्या कायदेमंडळात त्यांनी ज्या प्रश्नासाठी सर्वांत अधिक झीज सोसली, तो वतनाचा प्रश्न आपल्या वाडवडिलांच्या भाकरीचा होता. आपला धाराशिव जिल्हा त्या वेळी निजामाच्या राज्यात होता. मुंबईच्या निवडणुकीत येथील एकाही माणसाला मत नव्हते. तरीही त्या प्रश्नाच्या पाठोपाठ बाबासाहेब १९४१ साली आपल्या जिल्ह्यातील कसबे तडवळे येथपर्यंत आले. ही हकीकत आपल्या नव्या पिढीला सुसंगतपणे ठाऊक असावी, एवढाच या लेखाचा हेतू आहे.

पूर्ववृत्त

बाबासाहेबांचा जन्म १४ एप्रिल १८९१ रोजी मध्य भारतातील महू या लष्करी छावणीत झाला. घराणे मूळचे रत्नागिरी जिल्ह्यातील आंबडवे गावचे. वडील रामजी मालोजी हे सैन्यात सुभेदार असून लष्करी शाळेत शिक्षक होते. शिक्षकाच्या पोटी जन्मास येऊन या मुलाला शाळेत गोणपाटावर वेगळे बसावे लागले व तहान लागली असता दुसऱ्याने वरून पाणी ओतण्याची वाट पाहावी लागली, हे सर्वश्रुत आहे. १९०७ साली ते मॅट्रिक झाले. बडोद्याचे महाराज सयाजीराव गायकवाड यांच्या साहाय्याने ते मुंबई विद्यापीठाचे पदवीधर झाले आणि १९१३ साली न्यूयॉर्क येथील कोलंबिया विद्यापीठात दाखल झाले. पुढे लंडनला जाऊन १९२३ पर्यंत त्यांनी डी.एस्‌सी. ही पदवी व बॅरिस्टरी संपादन केली.

या दीर्घ अभ्यासाचा मुख्य विषय अर्थशास्त्र हा होता, ही गोष्ट येथे ध्यानात ठेवावयास हवी. सरकारचा पैसा कोठून येतो, कोणाकडून किती घेतला जातो व कोणावर किती खर्च होतो, हे त्यांनी परदेशातील ग्रंथालयांत बसून वर्षानुवर्षे तपासले होते. रुपयाच्या प्रश्नावर आणि प्रांतांच्या वित्तव्यवस्थेवर त्यांचे ग्रंथ प्रसिद्ध झाले होते. पुढे कायदेमंडळात अंदाजपत्रकाचे पुस्तक हातात पडले तेव्हा पुष्कळ सभासदांना ते आकड्यांचे रान वाटत असेल; बाबासाहेबांना मात्र त्या आकड्यांत गरीब रयतेचे सुखदुःख स्पष्ट दिसत होते.

कौन्सिलात प्रवेश

बाबासाहेब कौन्सिलात येण्यापूर्वीची एक घटना सांगणे अवश्य आहे. ४ ऑगस्ट १९२३ रोजी रावबहादूर सी. के. बोले यांनी मांडलेला ठराव मुंबई कायदे कौन्सिलाने संमत केला. सरकारी पैशाने बांधलेली किंवा सरकारी संस्थांच्या ताब्यातील पाणवठे, विहिरी, धर्मशाळा, शाळा, दवाखाने इत्यादी स्थाने अस्पृश्यांस खुली असावीत असा त्या ठरावाचा आशय होता. महाड नगरपालिकेनेही त्यास अनुसरून आपले तळे खुले केल्याचे कागदावर नमूद केले. परंतु कागदावरील पाणी कोणाची तहान भागवीत नाही. २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेब सहस्रावधी लोकांसह तळ्यावर गेले व ओंजळभर पाणी प्याले, तेव्हा त्या ठरावाचे मोल काय होते ते जगाला कळले. महाडचा सत्याग्रह हा कायदेमंडळाने आधीच मान्य केलेला हक्क बजावण्याचा सत्याग्रह होता, ही गोष्ट आपण पुष्कळदा विसरतो.

त्याच वर्षी, महाडच्या एक महिना आधी, १८ फेब्रुवारी १९२७ रोजी बाबासाहेबांनी मुंबई कायदे कौन्सिलाचे सभासद म्हणून शपथ घेतली होती. त्यांची नियुक्ती गव्हर्नरांकडून झाली होती. त्यांच्यासमवेत डॉ. पी. जी. सोळंकी यांचीही नियुक्ती झाली. सरकारने नेमलेला सभासद सरकारच्या बाजूने हात वर करतो, असा सर्वसाधारण अनुभव असे. बाबासाहेबांनी हा समज पहिल्याच भाषणात खोटा ठरविला.

२४ फेब्रुवारी १९२७ रोजी ते अंदाजपत्रकावर बोलावयास उभे राहिले. त्यांनी शेतसाऱ्याच्या पद्धतीवर बोट ठेवले. व्यापारी अथवा नोकरदार यांचे उत्पन्न एका मर्यादेच्या खाली असेल तर त्यांस प्राप्तिकर द्यावा लागत नाही. शेतकऱ्याला मात्र अशी कोणतीही मर्यादा नाही. एक एकराचा धनी असो की शंभर एकरांचा, पीक आलेले असो की बुडालेले असो, दोघांस एकाच दराने सारा भरावा लागतो. हा कर न्यायाचा नव्हे, असे त्यांनी मांडले. आपल्या धाराशिवसारख्या अवर्षणप्रवण मुलखातील वाचकांस या म्हणण्याची सत्यता समजावून सांगण्याची गरज नाही.

पुढे १२ मार्च रोजी त्यांनी शिक्षणाच्या खर्चावर भाषण केले. मुंबई इलाख्यात दर माणशी शिक्षणावर अवघे चौदा आणे खर्च होतात आणि दारूच्या अबकारीपोटी मात्र दर माणशी दोन रुपयांहून अधिक वसूल केले जातात, ही तुलना त्यांनी सभागृहापुढे ठेवली. अबकारीतून जेवढे लोकांकडून घेता, निदान तेवढे तरी त्यांच्या शिक्षणावर खर्च करा, अशी त्यांची मागणी होती. प्राथमिक शाळेत प्रवेश घेणाऱ्या शंभर मुलांपैकी केवळ अठरा मुले चौथीपर्यंत पोहोचतात व उरलेली ब्याऐंशी पुन्हा निरक्षर होतात, हेही त्यांनी दाखवून दिले. आम्ही स्वतः जन्मभर प्राथमिक शाळेत शिकविले आहे. पहिलीच्या हजेरीपटावरील नावे चौथीच्या हजेरीपटाशी ताडून पाहण्याची आमची सवय होती. मधल्या मधे गळालेले प्रत्येक नाव कोणत्या घरचे, त्या घरची माणसे ऊसतोडीस गेली की म्हशी वळावयास मूल घरी ठेवले, हे आम्हांस ठाऊक असे. म्हणूनच बाबासाहेबांच्या त्या अठरा आणि ब्याऐंशी या आकड्यांमागे किती घरे उभी होती याची आम्ही कल्पना करू शकतो.

त्याच वर्षी शेतीच्या तुकड्यांना आळा घालणारे विधेयक सरकारने आणले. लहान तुकडे एकत्र करून मोठी शेती करावी असा त्याचा रोख होता. बाबासाहेबांनी त्यास विरोध केला. तुकडा लहान म्हणून शेती तोट्यात जाते असे नसून बैल, अवजारे, बियाणे व भांडवल यांचा तुटवडा हे खरे कारण आहे, असे त्यांचे प्रतिपादन होते. लहान शेतकऱ्याची मालकी काढून त्याला भूमिहीन मजूर करण्यापेक्षा सहकाराने शेती करावी, असा पर्याय त्यांनी सुचविला. २८ जुलै १९२८ रोजी गिरणीत काम करणाऱ्या स्त्रियांना बाळंतपणाच्या काळात भत्ता मिळावा या विधेयकास त्यांनी पाठिंबा दिला. ज्या मालकाला स्त्रीच्या श्रमाचा लाभ होतो त्याने तिच्या विश्रांतीचा भार उचलला पाहिजे, अशी त्यांची भूमिका होती. तो कायदा १९२९ साली मुंबई इलाख्यात झाला. विरोधी बाकावरील माणूस नुसताच विरोध करीत नाही. चांगल्या कामास हात लावावयासही तो पुढे असतो, याचा हा दाखला होय.

वतनाचे विधेयक

आता आपल्या जिव्हाळ्याच्या विषयाकडे वळू. आजच्या तरुणांना वतन या शब्दाचा अर्थ पुरता ठाऊक नाही. गावात महार व मांग या जातींकडे पिढीजात गावकीची कामे असत. वेशीवर राखण करणे, सांगावा पोचविणे, सरकारी अंमलदार आला की त्याच्या घोड्यापुढे धावणे, सारावसुलीसाठी रयतेस चावडीवर बोलावून आणणे, सीमा दाखविणे, मेलेले ढोर ओढणे, मर्तिकाची बातमी परगावी पोचविणे, दोर वळणे, अशी किती म्हणून कामे सांगावीत! या कामास वेळ नाही, सुट्टी नाही. घरचा कर्ता पुरुष हजर नसेल तर त्याचा बाप, भाऊ, कधी बायकोसुद्धा कामास जुंपली जाई. मोबदला काय, तर हाडकी-हाडोळ्याचा इनामी तुकडा, सुगीच्या वेळी खळ्यावरील बलुते आणि दारोदार मागून आणलेली भाकरी. इनामाचा तुकडा वाटण्या होऊन होऊन इतका लहान झाला होता की वर्षातून प्रत्येकाच्या वाट्यास मूठभर दाणेही येत नसत. गावाची मर्जी फिरली की बलुते बंद होई. सेवा सरकारची, पण पगार रयतेच्या मर्जीवर, अशी ही विचित्र नोकरी होती.

१८७४ च्या वंशपरंपरागत हुद्द्यांच्या कायद्याने या व्यवस्थेस मुंबई इलाख्यात कायद्याची बळकटी दिली होती. तो कायदा दुरुस्त करण्यासाठी बाबासाहेबांनी १९२८ च्या मार्चमध्ये कौन्सिलात विधेयक मांडले. विधेयकाचा गाभा असा होता. ज्या वतनदाराला गावकीच्या सेवेतून मोकळे व्हावयाचे असेल त्यास मोकळे होता यावे. त्याची इनामी जमीन त्याच्याकडेच राहावी व तिच्यावर त्याने इतर रयतेप्रमाणे पूर्ण आकार भरावा. बलुत्याचे रूपांतर रोख रकमेत व्हावे व ती रक्कम शेतसाऱ्याबरोबर वसूल होऊन सेवा करणाऱ्यास मिळावी. म्हणजे भीक संपावी, पगार सुरू व्हावा, आणि ज्याला नोकरी नको त्याला ती सोडण्याची मोकळीक असावी. इतकी साधी ही मागणी होती.

३ ऑगस्ट १९२८ रोजी या विधेयकावर बाबासाहेबांचे प्रदीर्घ भाषण झाले. वतनदाराच्या कामाचे तास, त्याला मिळणारी तुटपुंजी प्राप्ती, वतनाच्या पाशामुळे त्याची खुंटलेली महत्त्वाकांक्षा, या सर्वांचा हिशेब त्यांनी सभागृहास दिला. हे विधेयक नाकारले गेल्यास वतनदारांचा सार्वत्रिक संप घडवून आणण्यासाठी आपण झटू, असा इशाराही त्यांनी दिला. तथापि सरकारी महसूल खात्यास फुकटचे राबणारे हात जावेत असे वाटत नव्हते व जमीनदार सभासदांना बलुत्याऐवजी रोख रक्कम देणे रुचत नव्हते. विधेयक निवड समितीकडे गेले. तेथून ते बाहेर आले तेव्हा त्याचे मूळ स्वरूप बदलले होते. अखेर जुलै १९२९ मध्ये बाबासाहेबांनी ते मागे घेतले.

येथे एक कटू सत्य लिहिणे आम्हांस अवश्य वाटते. विधेयकाला अडथळा केवळ सरकारचा व जमीनदारांचाच नव्हता. आपल्या समाजातील पुष्कळ जाणत्या माणसांनाही वतन सोडणे जड जात होते. वतन म्हणजे गावातला आपला हक्क, वतन म्हणजे पाटलाच्या मानानंतरचा आपला मान, वतन गेले तर जमीनही जाईल व गावात पाय ठेवावयास जागा राहणार नाही, अशी भीती त्यांच्या मनात होती. ती भीती अगदीच निराधार होती असेही म्हणता येणार नाही, कारण त्या हाडोळ्यावाचून दुसरा आसरा तरी त्यांना कोठे होता? बाबासाहेबांनी ही भीती ओळखली होती. म्हणूनच जमीन राहावी व गुलामी जावी, अशी सांगड त्यांनी विधेयकात घातली. बहिष्कृत भारत या आपल्या पाक्षिकातून त्यांनी हा विषय समाजापुढे मांडला. सभागृहात सरकारशी झुंज आणि बाहेर आपल्याच माणसांची समजूत, असे हे दुहेरी काम होते. दुसरे काम पहिल्याहून कठीण होते, असे आम्हांस वाटते.

स्वतंत्र मजूर पक्ष

१९३६ च्या ऑगस्टमध्ये बाबासाहेबांनी स्वतंत्र मजूर पक्ष स्थापन केला. १९३७ च्या फेब्रुवारीत मुंबई विधानसभेच्या निवडणुका झाल्या. पक्षाने सतरा उमेदवार उभे केले व त्यांपैकी बहुतेक निवडून आले. बाबासाहेब स्वतः मुंबई शहरातून विजयी झाले. आता ते नियुक्त सभासद नव्हते. लोकांनी मत देऊन पाठविलेले प्रतिनिधी होते. १९३७ च्या जुलैमध्ये बाळासाहेब खेर यांचे काँग्रेस मंत्रिमंडळ अधिकारावर आले. एकशे पंच्याहत्तर सभासदांच्या त्या सभागृहात बाबासाहेबांचा छोटा पक्ष विरोधी बाकांवर बसला.

१७ सप्टेंबर १९३७ रोजी त्यांनी खोती नष्ट करण्याचे विधेयक मांडले. कोकणात खोत हा सरकार व कूळ यांच्यामधील मध्यस्थ असे. सरकारला ठरावीक सारा भरून कुळांकडून त्याहून कितीतरी अधिक तो वसूल करी, वर वेठही घेई. कुलाबा जिल्ह्यातील चरी येथे नारायण नागू पाटील यांच्या नेतृत्वाखाली १९३३ पासून शेतकऱ्यांचा संप चालू होता. खोतास नुकसानभरपाई देऊन खोती काढावी व जमीन कसणाऱ्यास तिचा कायम हक्क द्यावा, असे विधेयकात होते. विधेयक पुढे सरकेना, तेव्हा १९३८ च्या जानेवारीत कोकणातून व घाटावरून हजारो शेतकरी मुंबईस आले व त्यांचा मोर्चा कौन्सिल हॉलवर गेला. त्यांत मराठा होते, आगरी होते, कुणबी होते, महार होते. शेतकऱ्याच्या पोटाच्या प्रश्नाने या सर्वांस एका रांगेत आणले.

त्याच १९३८ साली औद्योगिक कलहाचे विधेयक आले व त्यात काही परिस्थितीत संप करणे हा गुन्हा ठरविण्यात आला. बाबासाहेबांनी सभागृहात त्यावर कडाडून टीका केली. कामावर न जाणे हा फार तर कराराचा भंग होय, त्यास फौजदारी गुन्हा ठरवून माणसास कामास भाग पाडणे म्हणजे गुलामगिरी होय, असा त्यांचा युक्तिवाद होता. सभागृहात बहुमत सरकारचे होते. विधेयक संमत झाले. ७ नोव्हेंबर १९३८ रोजी मुंबईच्या कामगारांनी एक दिवसाचा संप केला व त्यात बाबासाहेब कम्युनिस्ट पुढाऱ्यांच्या खांद्यास खांदा लावून उभे राहिले. एरव्ही त्यांचे व कम्युनिस्टांचे फारसे पटत नसे. प्रश्न जनतेचा असेल तर मतभेद बाजूस ठेवता येतात, हे त्यांनी कृतीने दाखविले.

कसबे तडवळे

१९३९ साली दुसरे महायुद्ध सुरू झाले. काँग्रेस मंत्रिमंडळाने राजीनामा दिला व प्रांताचा कारभार गव्हर्नरांच्या हाती गेला. विधानसभेचे काम बंद पडले. ज्या सभागृहात आपल्या लोकांची गाऱ्हाणी मांडावयाची त्याच सभागृहास कुलूप लागले. अशा वेळी कित्येक लोकप्रतिनिधी स्वस्थ बसतात. बाबासाहेबांनी वतनदारांमध्ये जाऊन परिषदा भरविल्या. १९३९ च्या डिसेंबरात अहमदनगर जिल्ह्यातील हरेगाव येथे, व १९४१ च्या ऑगस्टात नाशिक जिल्ह्यातील सिन्नर येथे वतनदारांच्या परिषदा झाल्या. वतनी जमिनीवरील जुडी वाढविली जात होती, म्हणजे सेवा तीच, पण जमिनीवरचा आकार जास्त. त्याविरुद्ध हा पुकारा होता.

या दोन परिषदांच्या मध्ये, २२ व २३ फेब्रुवारी १९४१ रोजी, आपल्या जिल्ह्यातील कसबे तडवळे येथे महार-मांग वतनदार परिषद भरली व तीस बाबासाहेब उपस्थित राहिले. गावातील शाळेच्या इमारतीत त्यांचा मुक्काम झाला, आणि ती शाळा आजही त्यांच्या आठवणीने ओळखली जाते. तडवळे हे तेव्हाच्या बार्शी लाइट रेल्वेच्या अरुंद रुळांवरील गाव. कुर्डुवाडीहून बार्शीमार्गे लातूरला जाणारी ही गाडी १९११ पासून लातूरपर्यंत धावत होती. बार्शी सोलापूर जिल्ह्यात, म्हणजे ब्रिटिश अमलाखाली. तडवळे निजामाच्या राज्यात. रूळ एकच, पण कायदे दोन. बार्शीकडच्या वतनदारास मुंबई विधानसभेत निदान बोलणारा एक माणूस होता. तडवळ्याच्या वतनदारास तोही नव्हता, कारण निजामाच्या राज्यात लोकांनी मतदानाने निवडलेले विधिमंडळच त्या वेळी नव्हते. गावकीचे ओझे मात्र दोन्हीकडे सारखेच होते.

या भेटीचे महत्त्व आम्हांस असे वाटते. लोकप्रतिनिधी बहुधा आपल्या मतदारसंघाच्या शिवेपर्यंत जातो. बाबासाहेबांना आपल्या जिल्ह्यातून एकही मत मिळणार नव्हते. परक्या राज्यात सभा घेणे सोयीचेही नव्हते. तरीही ज्यांच्या वतीने बोलणारे सभागृहच नाही अशा लोकांच्या मध्ये ते दोन दिवस राहिले. परिषदेच्या नावात महार व मांग ही दोन्ही नावे एकत्र होती, हेही विसरता कामा नये. पुढे आपल्या समाजांत जी अंतरे पडली ती पाहता, १९४१ साली तडवळ्याच्या मांडवात एकाच दुःखासाठी एकत्र बसलेली ती माणसे आपल्याला आजही काही सांगत आहेत.

उत्तरायुष्य

१९४२ साली बाबासाहेब व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूरमंत्री झाले. १९४७ साली स्वतंत्र भारताचे पहिले कायदेमंत्री झाले व घटना समितीच्या मसुदा समितीचे अध्यक्ष म्हणून त्यांनी केलेले कार्य जगास ठाऊक आहे. १९५१ साली हिंदू कोड बिलाच्या प्रश्नावर त्यांनी मंत्रिपदाचा त्याग केला. १९५२ साली लोकसभेच्या निवडणुकीत त्यांचा पराभव झाला; १९५४ साली भंडाऱ्याच्या पोटनिवडणुकीतही यश आले नाही. १९५२ पासून ते राज्यसभेत होते व पुन्हा एकदा विरोधी बाकावर बसले. १९५४ साली तेथे बोलताना त्यांनी भूमिहीन दलितांस पडीक जमिनी द्याव्यात आणि त्यासाठी लागणारा पैसा मिठावरील कर पुन्हा बसवून उभा करावा, असे सुचविले. त्या निधीस महात्मा गांधींचेच नाव द्यावे, असेही ते म्हणाले. गांधीजींशी त्यांचे जन्मभर मतभेद होते हे लक्षात घेता या सूचनेतील मार्मिकता कोणासही कळेल. ६ डिसेंबर १९५६ रोजी दिल्ली येथे त्यांचे महापरिनिर्वाण झाले.

त्यांनी पेरलेले बी त्यांच्या पश्चात उगवले. कोकणातील खोती १९४९ च्या कायद्याने नष्ट झाली. मुंबई राज्यातील कनिष्ठ गाववतने नष्ट करण्याचा कायदा १९५८ साली झाला व १ ऑगस्ट १९५९ पासून अमलात आला. १९२८ साली जे विधेयक सभागृहास पचले नाही, त्याचा मूळ हेतू तीस वर्षांनी कायदा झाला. तो दिवस पाहण्यास मात्र बाबासाहेब नव्हते. आपल्या भागात, म्हणजे जुन्या हैदराबाद राज्यात, इनामे रद्द करण्याचा कायदा १९५४ चा आहे. गावकी गेली. चावडीवर हाक आली की धावत जाण्याची सक्ती गेली. १९५० साली बाबासाहेबांनी औरंगाबाद येथे मिलिंद महाविद्यालय सुरू केले, आणि ज्या घरांतून पूर्वी सांगावे घेऊन जाणारी मुले निघत त्याच घरांतून वह्यापुस्तके घेतलेली मुले मराठवाडाभर निघू लागली.

उपसंहार

या चरित्रावरून आपण काय शिकावे? आम्हांस तीन गोष्टी मुख्य वाटतात. पहिली, बाबासाहेब पुराव्यावाचून बोलत नसत. चौदा आणे, शंभरातील अठरा मुले, हाडोळ्याचे उत्पन्न, प्रत्येक विधानामागे आकडा असे. दुसरी, हार झाली म्हणून प्रश्न त्यांनी सोडला नाही. विधेयक मागे घ्यावे लागले तरी परिषदा घेतल्या, सभागृह बंद झाले तरी गावोगाव गेले. तिसरी, आपल्या लोकांच्या भीतीचाही त्यांनी आदर केला व त्या भीतीवर उत्तर शोधले.

आपला जिल्हा आता स्वतंत्र भारताचा, महाराष्ट्राचा भाग आहे. प्रत्येक प्रौढास मत आहे. विधानसभेत आपल्या मतदारसंघाचा आमदार आहे, जिल्हा परिषदेची व ग्रामपंचायतीची व्यवस्था आहे. १९४१ साली तडवळ्यास जमलेल्या वतनदारांजवळ यांपैकी काहीही नव्हते. तरीही आज आपल्या कित्येक घरांतील वतनी जमिनींचे सातबारे पाहिले तर वारसांची नावे लागलेली नसतात. कित्येकांच्या उताऱ्यावर जमीन वर्ग दोनची असल्याची नोंद असते. अशी जमीन विकण्याआधी जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी लागते, हे घरच्या मुलांना ठाऊक नसते. एखादा दलाल येतो, अडचणीच्या दिवसांत चार पैसे हातावर ठेवतो, आणि ज्या तुकड्यासाठी आजोबा-पणजोबांनी आयुष्यभर गावकी केली तो तुकडा हातचा जातो. जमीन राहावी व गुलामी जावी, हे बाबासाहेबांचे सूत्र होते. गुलामी गेली, जमीन राखणे आता आपल्या हाती आहे.

आमची संघाच्या सभासद कुटुंबांस नम्र विनंती अशी आहे. घरातील जुने कागद, सनदा, फाळणीबारे, सातबारा उतारे एकत्र करून संघाच्या कार्यालयात त्यांच्या नकला आणून द्याव्यात. संघातील वकील व निवृत्त महसूल कर्मचारी मंडळींनी महिन्यातून एक रविवार त्यांच्या पाहणीस द्यावा. जेथे अन्याय झालेला आढळेल तेथे आकड्यांसह व पुराव्यासह अर्ज करावा, तहसीलदारांकडे जावे, न झाल्यास जिल्हाधिकाऱ्यांकडे जावे, आणि तेथेही दाद न लागल्यास आपल्या आमदारांनी विधानसभेत प्रश्न विचारावा म्हणून त्यांस भेटावे. ते सत्तेत आहेत की विरोधात, हे पाहू नये. पुढील वर्षीच्या स्मरणिकेत अशा निकाली निघालेल्या अर्जांची यादी छापता आली, तर शाळेतील मुलांना बाबासाहेबांचा धडा शिकविताना आमच्यासारख्या शिक्षकांस आपल्याच जिल्ह्यातील एक ताजे उदाहरण सापडेल.